उपासाला चालणारी पिशवी

माझा आवाज मोठा आहे. झाशी स्टेशनच्या चौकशी खिडकीवर नोकरी केली की कोणाचाही होईल. समोर ही गर्दी, डोक्यावर भोंगा, आणि प्रत्येकाला त्याचीच गाडी आधी हवी! तेव्हा माझं बोलणं कोणाला भांडल्यासारखं वाटलं तर खुशाल वाटू दे. ही गोष्ट मला हळू आवाजात सांगताच येत नाही. अहो, नुसती आठवली तरी मी खुर्चीतून उठून उभी राहते.

गोष्ट आमच्या भानूची. भानुमती, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ म्हणजे मधुसूदन, माझा मधूदादा. तो रेल्वेतून निवृत्त झाला आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेला. भानूनं कानपूरला प्लास्टिकचं शिक्षण घेतलं, नोएडाच्या एका कारखान्यात नोकरी धरली, आणि एक दिवस दोन सुटकेसा आणि एक मोठा मिक्सर घेऊन झाशीत प्रेम नगरला माझ्या दारात उभी राहिली.

"आत्या, मी नोकरी छोड दी," म्हणाली.

आमच्या झाशीच्या मुलांची मराठी ही अशी. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मधेच गाडी बदलतं. पण त्या दिवशी मला भाषेचं काही पडलं नव्हतं, कारण पोरीनं पर्समधून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली होती. पातळ, पारदर्शक, हुबेहूब प्लास्टिकची.

"हे प्लास्टिक नाहीये. मक्का आहे."

मक्यातलं सत्त्व, म्हणजे स्टार्च, पाण्यात शिजवायचं, त्यात थोडं ग्लिसरीन आणि लिंबाचा रस घालायचा, पातळ पसरून वाळवायचं. झाला कागद. दोन कागद कडेनं चिकटवले की झाली पिशवी. खाण्याची वस्तू त्यात भरा, काम झालं की फेकून द्या, माती तिला गिळून टाकते. माझा काही विश्वास बसेना. मी ती मोगऱ्याच्या कुंडीत पुरली. काही आठवड्यांनी उकरून बघते तर काय, पिशवीच नाही! मी अशी किंचाळले की शेजारचे तिवारीजी काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

त्या दिवसापासून मी या पोरीच्या बाजूची झाले. पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, माझी पितळी पातेली तिला दिली, गच्ची दिली. सीपरी बाज़ारातल्या मिठाईवाल्यांकडे तिच्याबरोबर मीच जायची. सगळे कौतुक करायचे. "बहुत बढ़िया है बिटिया," म्हणायचे, "बाद में देखेंगे." त्या 'बाद में'नं माझं डोकं असं भडकायचं की भानू मला दंडाला धरून दुकानाबाहेर काढायची.

आणि मग माघ महिन्यात मधूदादा आला. दशमीला सकाळी उतरला आणि चहा प्यायच्या आधीच मुद्द्यावर आला. पुण्यात एका प्लास्टिकच्या कंपनीत त्यानं भानूसाठी शब्द टाकला होता. जागा तयार होती. शिवरात्रीच्या संध्याकाळच्या गाडीची दोघांची तिकिटंही काढून आणली होती.

"सुहास, तू मधे बोलू नकोस," मला म्हणाला. मी मधे बोलले. पुष्कळ बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग भानूकडे वळला. "तुझी पिशवी चांगली आहे. पण घेतो कोण? एक तरी माणूस दाखव. शिवरात्रीला आपल्या देवळात खिचडीचा प्रसाद असतो, अख्खं मराठी गाव येतं. आपल्याच माणसांनी ही पिशवी घेतली तर मी एक शब्द बोलणार नाही, राहा इथेच. नाही घेतली तर माझ्याबरोबर गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," भानू म्हणाली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कारण मला देवळातली आमची माणसं ठाऊक होती.

देऊळ महादेवाचं, मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत. विश्वस्तांचे अध्यक्ष नारायणरावजी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर पूजाअर्चेला म्हणून झाशीत आले, आणि ते त्या काळाबद्दल बोलायला लागले की वाटतं, हेही त्यांच्याबरोबरच आले असावेत. पण माणूस न्यायाचा. गेल्या शिवरात्रीला प्रसादाच्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा देवळामागे ढीग पडला होता आणि त्यात तोंड घालून गाई उभ्या होत्या. ते बघून त्यांनीच हुकूम काढला, यंदा प्लास्टिक बंद! द्रोण होतेच, पण द्रोणातली खिचडी उभ्यानं खायची. आपल्याकडे प्रसाद घरी न्यायचा असतो, सासूला, शेजारणीला, पाय मोडून पडलेल्या दिराला. स्कूटरवर द्रोण कोण सांभाळणार? पिशवी हवीच होती. म्हणजे बघा, दार उघडंच होतं. आम्ही फक्त आत शिरायचं होतं.

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी, एकादशीला, देवळाच्या ओसरीवर. भानूनं झकास सांगितलं. कोरडी वस्तू, तेलातुपाची वस्तू हिच्यात उत्तम राहते, तेल बाहेर येत नाही, गाईनं खाल्ली तरी तिला काही होत नाही. मी मान डोलावत होते. मधूदादा खांबाला टेकून बसला होता, चेहरा कोरा.

नारायणरावजींनी पिशवी उजेडाला धरली. "दिसते तर प्लास्टिकच. पोटात गेली तर अपाय नाही, हे कशावरून?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं पोरीनं घसा फोडून सांगितलं आणि पुन्हा तेच! मी उठले, त्यांच्या हातातून पिशवी घेतली, टर्रकन तिचा तुकडा फाडला आणि तोंडात घातला. सगळ्यांसमोर चावला. चव कशाचीच नाही, थोडी चिवट. गिळला. वरून तोंड उघडून दाखवलं.

"झाला का अपाय? उभी आहे ना मी तुमच्यासमोर?"

काय टाळ्या पडल्या! भानू तर नाचायचीच बाकी होती. मधूदादासुद्धा खांबापासून पुढे सरकला. आणि त्या टाळ्यांत गोदूबाईंचा आवाज आला. गोदूबाई म्हणजे आमच्या देवळाच्या स्वयंपाकघराच्या मालकीणच म्हणा ना, प्रसादाची खिचडी त्यांच्याशिवाय दुसरं कोणी करत नाही.

"सुहास, अगं आज एकादशी ना? तू करतेस ना?"

टाळ्या थांबल्या.

नारायणरावजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भानू, ही कशाची म्हणालीस?"

"मक्याची, आजोबा."

"शिजवून करतात?"

"हो, पाण्यात शिजवूनच. नहीं तो कागद बनेगा कैसे?"

"म्हणजे पाण्यात शिजवलेलं धान्य. तुझ्या आत्यानं खाऊन दाखवलं, म्हणजे अन्नच हे, शंका नाही. शिजलेलं धान्य म्हणजे खरकटं. आता तू मला सांग, शिवरात्रीचा उपास, साबुदाण्याची फराळाची खिचडी, आणि ती मी खरकट्यात भरून लोकांच्या हातात देऊ?"

मी म्हटलं, "अहो, गेल्या वर्षी प्लास्टिकमधे दिलीत ती चालली?"

"प्लास्टिक कोणी खाऊन दाखवलं नव्हतं, सुहासिनी," ते म्हणाले. आणि हसले नाहीत हो, अगदी मनापासून म्हणाले. "प्लास्टिक म्हणजे पितळेसारखं, दगडासारखं. त्याला ना विटाळ ना सोवळं. ही पिशवी म्हणजे भाकरीची बहीण. मला वाईट वाटतं. पण मक्याला मी हो म्हणू शकत नाही."

आम्ही उठलो. गोदूबाई जाता जाता माझ्या कानात म्हणाल्या, "आता मोडलाच आहे उपास, तर घरी जाऊन नीट जेव." मला त्यांना काहीतरी सणसणीत ऐकवायचं होतं, पण भानूचा चेहरा पाहिला आणि तिच्यामागे चालू लागले. पोर रडत नव्हती. नुसती गल्लीतल्या दुकानांकडे बघत चालली होती, जणू शेवटचं बघून घेतेय. मधूदादा मागून आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कसर सोडली नाहीस, बाळा." त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला तरी काहीतरी हवं ना!

माझ्यामुळे झालं, असं तुम्ही म्हणाल. भानू तसं म्हणाली नाही. रस्त्यात तिला एकदम हसूच फुटलं. "आत्या, तू भरी सभेत एकादशी तोडलीस!" आणि मग आम्ही दोघी मानिक चौकात मधोमध उभ्या राहून पोट धरून हसलो. एक रिक्षावाला ओरडून गेला तरी हललो नाही.

आणि त्या हसण्यातच मला दिसलं. मी भानूचा दंड धरला.

"ते काय म्हणाले? शेवटी काय म्हणाले?"

"हो नाही म्हणू शकत."

"कशाला?"

"मक्याला."

"मक्याला! पिशवीला नाही! मक्याला!"

आम्ही उभ्या होतो त्याच्या कडेलाच किराण्याचं दुकान होतं. समोर पोती उघडी. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सगळं शिवरात्रीसाठी पुढे मांडलेलं. भानूनं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे असे लकाकले की काय सांगू!

"स्टार्च," ती म्हणाली. "आत्या, हे सगळं स्टार्च आहे!"

मधे दिवस होते फक्त बारस आणि तेरस.

बारसेला पहाटेपासून साबुदाण्यावर तुटून पडलो. दळला, शिजवला, पसरला. छे! साबुदाणा करतानाच अर्धा शिजवलेला असतो, तो काही एकजीव होईना. गुठळ्याच गुठळ्या. वाळल्यावर कागदाला इतकी भोकं की त्यातून पलीकडचे तिवारीजी दिसत होते. भानू डोकं धरून बसली. मी म्हटलं, "ऊठ. अजून शिंगाडा आहे. शिंगाडा तर आपल्या बरुआसागरच्या तलावातला, घरचाच म्हण."

शिंगाड्याच्या पिठानं वेगळी खोडी काढली. कागद झाला, पण तपकिरी, खरखरीत, हात लावला की कुडकुडीत मोडायचा. भानू म्हणाली, पिठात चोथा फार आहे, निव्वळ सत्त्व वेगळं काढायला कारखान्यात मशीन असतं. मशीन! मला हसू आलं. जन्मभर कुरडया कशाच्या केल्या मी? गहू भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा, ठेवून द्यायचा, वरचं पाणी ओतलं की खाली पांढराशुभ्र चीक. मी शिंगाड्याचं पीठ पाण्यात कालवलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि पातेली ओळीनं मांडली. संध्याकाळी वरचं पाणी ओतून दिलं. तळाला चीक! भानूनं त्यात बोट बुडवलं आणि ओरडली, "अरे वाह, ये तो शुद्ध माल है!" चिकात ग्लिसरीन किती, हे मात्र तिनंच ठरवलं, दर खेपेला थोडं वाढवत. कमी पडलं की कागद मोडतो, जास्त झालं की चिकटतो. ती पळ्यांनी मोजत होती आणि मी ढवळत होते. हात भरून आले, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

तेरसेला सकाळी सगळी गच्ची भरली. ताटं, पराती, खिडकीच्या काचा. आमच्या गल्लीतल्या एकाही घरात जेवायला ताट शिल्लक राहिलं नसेल, सगळी मी मागून आणली होती. प्रत्येकाला शेंगदाण्याच्या तेलाचा पुसट हात लावायचा आणि वर तो गरम चीक सरसर ओतायचा. ऊन छान होतं. दहाच्या सुमाराला कडा सुटायला लागल्या. मी एक कागद उचलला. पातळ, मऊ, थोडा दुधाळ, आणि मोडत नव्हता! दुमडला, मोडला नाही! ओढला, फाटला नाही! मी भानूला मिठी मारली आणि दोघी गच्चीवर गरागरा फिरलो.

आणि तेवढ्यात माकडं आली.

प्रेम नगरात माकडं नवी नाहीत, पण आमच्या गच्चीवर त्यांचं काय काम? काम होतं! पहिल्यानं एक कागद उचलला, हुंगला आणि खाल्ला. मग दुसरा. मग बाकीच्यांना हाक मारली. मी झाडू घेऊन एका कोपऱ्यात धावले की ती दुसऱ्या कोपऱ्यात. भानू "हट! हट!" करत होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण खाली पीठ संपलं होतं आणि दिवस एकच उरला होता.

तेव्हा जिन्यात पावलं वाजली. मधूदादा. सकाळपासून तो खाली पेपर वाचत बसला होता, वर एकदाही फिरकला नव्हता. आला, इकडे तिकडे पाहिलं, पलीकडून तिवारीजींची काठी मागून घेतली आणि गच्चीवर अशी आपटली की माकडंच काय, मीसुद्धा दचकले. सगळी टोळी कठड्यावरून पळाली.

"दादा, तू?" मी म्हटलं.

"माझं म्हणणं बदललेलं नाही," तो म्हणाला. "पण निकाल नारायणरावांनी द्यायचा ठरलंय. माकडांनी नाही."

आणि दिवसभर तो गच्चीवर बसला. डोक्यावर ओला पंचा, मांडीवर काठी. मी त्याला वरच चहा नेऊन दिला. दुपारी बघते तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वाळलेला कागद, उन्हात धरून बघत होता, उलटा करून, पुन्हा सुलटा करून. मला पाहिल्यावर लगेच खाली ठेवला. संध्याकाळी आम्ही पिशव्या जोडायला बसलो. कडेला ओलं बोट फिरवायचं आणि वरून कोमट इस्त्री. थोड्या वेळानं इस्त्री त्याच्या हातात होती. कशी गेली, विचारू नका. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ठेवून दिली असती त्यानं, मी ओळखते माझ्या भावाला.

शिवरात्रीला सकाळी पिशव्या घेऊन आम्ही देवळात. मधूदादाची बॅग आणि भानूच्या दोन्ही सुटकेसा ओसरीवर, कारण तिथूनच स्टेशनवर जायचं होतं. त्या सुटकेसांकडे मी पाठ करून उभी राहिले.

नारायणरावजी सोवळं नेसून गाभाऱ्याच्या दाराशी. मी आज तोंड उघडणार नाही अशी शपथ घेतली होती. भानूच बोलली.

"आजोबा, ही शिंगाड्याची आहे."

"शिंगाड्याची?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी पिशवीला हात लावला नाही, नुसती वाकून पाहिली. "निव्वळ? धान्य नाही?"

"धान्य नाही. शिंगाडा, लिंबू, शेंगदाण्याचं तेल आणि ग्लिसरीन."

"ग्लिसरीन कशाचं? चरबीचं नाही ना?"

"खोबरेल तेलातून काढलेलं. नारळ, आजोबा."

"नारळ," ते स्वतःशीच म्हणाले. "शिंगाडा, लिंबू, शेंगदाणा, नारळ." चेहऱ्यावर काहीच नाही. "भरून दाखवा."

गोदूबाईंनी कढईतून वाफाळती खिचडी उचलली आणि थेट पिशवीत ओतली. अहो, डोळ्यांदेखत पिशवी मऊ पडली! वाफेनं लोळागोळा, खालची कड सुटली आणि खिचडी भानूच्या हातावर. ती "आई गं!" म्हणून ओरडली. बाहेर लोकांची रांग लागलेली, घंटा वाजतेय!

शपथ गेली उडत! "गोदूबाई," मी म्हटलं, "परातीत पसरा! वाफ जाऊ दे!"

"गार खिचडी? शिवरात्रीला? माझ्या हातची?"

"देवाला गरम द्या, लोकांना कोमट! घरी पोचेपर्यंत गार होतेच की ती!"

"कोमट, आजी," भानू हात फुंकत म्हणाली. "फक्त वाफ. पाणी तिला चालत नाही, तेल-तूप चालतं. प्लीज."

गोदूबाईंनी नाक मुरडलं, पण पसरली. मधूदादा कुठून तरी पंखा घेऊन आला आणि परातीवर वारा घालू लागला, रेल्वेतला हेडक्लार्क, जोरजोरात, घामाघूम! आम्ही सगळे त्या परातीभोवती उभे. वाफ विरली. भानूनं दुसरी पिशवी उघडली. गोदूबाईंनी पळीनं खिचडी भरली. कड टिकली. भानूनं पिशवी वर उचलली, हलवली. टिकली! तूप आतल्या आत चमकत होतं, बाहेर थेंब नाही.

भानूनं ती पिशवी नारायणरावजींपुढे धरली. त्यांनी वाकून कड पाहिली. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी काढतात. मग त्यांनी सोवळ्यातला उजवा हात पुढे केला, पिशवी घेतली, तळहातावर तोलली आणि गाभाऱ्यात जाऊन देवापुढे, नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवली.

मी भानूचा भाजलेला हात इतका घट्ट धरला की ती पुन्हा ओरडली. रडत होते मी, ढसाढसा, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

मग काय, दुपारभर नुसती धावपळ! रांग मानिक चौकापर्यंत. बायका पिशव्या वळवून वळवून बघत होत्या. "किसकी है? सिंघाड़े की? सच में?" भानू एकेकीला सांगत होती, घसा बसला तरी सांगत होती. पोरं खिचडी संपवून पिशवीही चावत होती. संध्याकाळी मी देवळामागे गेले. गाई तिथे होत्या, ढीग नव्हता.

पिशव्या संपल्या, ऊन उतरलं. ओसरीवर आम्ही सगळे पाय पसरून बसलो. रिक्षा बाहेर येऊन उभी राहिली होती आणि तिकडे कोणी बघत नव्हतं. मधूदादानं मनगटावरचं घड्याळ दोनदा बघितलं. नारायणरावजी काठी टेकत आले आणि भानूसमोर थांबले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"भानू, आज ठीक झालं. पण होळीचं काय?"

"होळीचं?"

"होळीला पुरणपोळी. उपास नाही, तेव्हा तुझी मक्याची चालेल, पोळी तुपाची, तीही राहील. पण कटाची आमटी? ती पातळ. पाणी तुझ्या पिशवीला चालत नाही म्हणतेस. मग लोकांनी आमटी कशात न्यायची? आँ? याचा विचार केला आहेस?"

भानू ताडकन उठून उभी राहिली.

"मेण!" ती म्हणाली. "मधमाशीचं मेण, आजोबा! आतून पातळ हात दिला ना, तो पानी रुकेगा! पण गरम आमटीनं मेण वितळेल... थांबा. कोमट चालेल. नाहीतर दोन थर. बाहेर मका, आत... आत्या, बरुआसागरला मध काढणारे आहेत ना? उद्या जाऊया? सकाळीच जाऊया. होळीला कितने दिन हैं?" ती बोटं मोजायला लागली, आणि मधेच थांबून नारायणरावजींना मेणाचा थर कसा द्यायचा ते हवेत हात फिरवून दाखवू लागली, आणि ते म्हातारे गृहस्थ मान वाकडी करून ऐकत होते, मधेच आडवा प्रश्न टाकत होते, आणि तिला तो प्रश्न ऐकून आणखी चेव येत होता.

मधूदादा तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, ओसरीच्या कडेला गेला, आणि मी उठायच्या आत रिक्षावाल्याला म्हणाला, "भैया, सामान उठा लो."

रिक्षावाल्यानं भानूची सुटकेस उचलली.

"वो नहीं," मधूदादा म्हणाला. "बस ये एक बैग."